पाण्यातून जाणारी गाडी

"लोक म्हशीला पाण्यात घालतात, आमच्याकडे गाडीला घालतात," सालोमी कुंपणापलीकडच्या इनेझला सांगत होती. "टोनी रोज घालतो नि मी रोज ह्या मॅटी धुते."

मागच्या पडवीत अळू निवडत बसलेल्या आग्नेसबाईंना सुनेचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. गुडघे गेले होते, दात गेले होते, कान तेवढे शाबूत होते. ह्या वयात तीच मोठी अडचण.

"डोंगर चढते म्हणे," इनेझ म्हणाली. "गिरीजला कुठला गं डोंगर? एक डोंगरी आहे, तिच्यावर माणसं चालत जातात. एवढ्या पैशात बोळिंजला फ्लॅट आला असता."

"गॅलरीसकट."

"मग घेतलीच कशाला?"

मॅट धोंड्यावर आपटल्याचा आवाज आला. मग पुन्हा आला.

हा प्रश्न एकट्या इनेझचा नव्हता. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या फाटकाशी हीच चर्चा. टायर केवढ्याला पडतो, केळीचे घड भरायला टेम्पो काय वाईट होता, हत्ती घेतलास तर चारा कुठून आणणार. गाडीवर पवित्र पाणी शिंपडून झाल्यावर फादरांनीसुद्धा हळूच ॲव्हरेज विचारलं होतं. टोनी सगळ्यांना हसून उत्तरं द्यायचा. कशाला घेतली, एवढं सोडून सगळ्याची.

गाडी अंगणात येऊन उभी राहिली. टोनी उतरला, पँट पोटरीपर्यंत भिजलेली.

"आई, चल ना. एक चक्कर."

गाडी आल्यापासून तो विचारत होता. कधी त्यांचे गुडघे आड आले, कधी रोजरीची प्रार्थना. आज आग्नेसबाईंनी अळूची टोपली बाजूला सारली.

"थांब. लुगडं बदलते."

सालोमी हातात ओली मॅट धरून बघतच राहिली.

चढायला टोनीने प्लास्टिकचं स्टूल आणलं. मागून सालोमीने आधार दिला, वरून टोनीने ओढलं.

"एवढे पैसे घेतले नि शिडी नाय दिली?" आग्नेसबाई धापा टाकत म्हणाल्या. "स्वर्गाला तरी असेल."

टोनी हसला. वाडीतली अरुंद वाट धरून गाडी निघाली. दोन्ही बाजूंनी केळीची पानं काचेला घासत होती. चिंचेपाशी वाट खाली उतरते, तिथे नेहमीसारखं पाणी भरलं होतं. टोनीने एक दांडा ओढला, गाडी गुरगुरली आणि सरळ पाण्यात शिरली. पाणी दाराशी आलं, दोन्ही बाजूंना फाकलं. गाडी डगमगलीसुद्धा नाही. बघता बघता पलीकडे, डांबरी रस्त्याला.

"बघितलंस? ह्याहून जास्त असतं तरी जाते. कमरेएवढं असतं तरी."

त्याने गाडी वळवली आणि पुन्हा पाण्यात घातली. मग परत. आग्नेसबाई पाण्याकडे बघत नव्हत्या, त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या नवऱ्याच्या, कॉन्रॅडच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा ह्याच ठिकाणी कमरेएवढं पाणी होतं. रिक्षा नाही, फोन बंद. शेजारची माणसं म्हणत होती, खुर्चीत बसवू, खांद्यावर उचलू, मागच्या बांधावरून लांबून नेऊ. टोनी म्हणाला, नको, धक्के बसतील. तराफा बांधतो, बाबांना आडवं झोपवून नेऊ. त्याने कोयता घेतला, केळीचे बुंधे तोडले, काथ्याने आवळून बांधले आणि बापाला त्यावर घालून पाण्यातून ढकलत नेलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी नाडी धरली आणि सोडून दिली. तराफा बांधण्यात जो वेळ गेला, त्याबद्दल घरात त्यानंतर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

पाण्याच्या मधोमध टोनीने गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं.

"आई, खरं सांग. सगळे म्हणतात तसे फुकट गेले पैसे?"

"गाडी चांगली आहे रे."

"पण?"

आग्नेसबाईंनी त्याचा हात हातात घेतला. तळव्यावर कोयत्याचे जुने घट्टे होते, बापासारखेच.

"पण त्या दिवशी असती तरी काय उपयोग नव्हता. तू तराफा बांधत होतास तेव्हाच बाबा गेलेले, टोनी."

"काय बोलतेस?"

"मी उशाशी बसलेली. खिडकीतून तू दिसत होतास. डोळे मिटून पडलेले हे, मी त्यांना हाक मारून सांगितलं, अहो, बघा तरी, तुमचा पोरगा घड लागलेल्या केळी तोडतोय. एक नाय, दोन नाय. चांगल्या भरलेल्या."

टोनी काचेतून समोर बघत होता.

"बाबा काय बोलले नाय रे. तू एवढा धडपडत होतास, मग मीपण तुला काय नाय बोलले." त्यांनी त्याचा हात घट्ट दाबला. "तूच सांग. लागती केळ कुणी तोडली नि तुझे बाबा गप्प बसले, असं कधी झालंय काय?"