चार शितं
"मी जिवंत असेपर्यंत कुत्रं या घराचा उंबरा ओलांडणार नाही," असं आजोबा मला माझ्या प्रत्येक वाढदिवसाला ऐकवायचे. गेल्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि काल, माझ्या तेराव्या वाढदिवसाला, आई स्वतःच मला ब्रह्मा घाटावरच्या दूधवाल्याकडे घेऊन गेली. त्याच्या कुत्रीला चार पिल्लं झाली होती. "जो पसंद हो, ले जाओ, बिटिया," तो म्हणाला. मी सगळ्यात लहान, करडं पिल्लू निवडलं. "फारच अशक्त आहे गं. आधी जेवतंय का बघू," म्हणत आईने सोबत आणलेल्या डब्यातला दहीभात ताटलीत वाढून त्याच्यापुढे ठेवला. पिल्लाने ताटलीभोवती एक फेरी मारली, नाकाने भाताची चार शितं ताटलीबाहेर उजवीकडे काढून ठेवली आणि मगच तोंड लावलं. मी खदखदून हसले. "आई, हे बघ, आजोबांसारखी जेवणाआधी चित्राहुती घालतंय!" आई हसली नाही. तिने चमचाभर भात आणखी पुढे केला, तर पिल्लाने ताटलीवर पंजा आडवा धरला. आजोबा जेवताना बोलत नसत. पुरे झालं की ताटावर असाच हात धरत. "मला हे नको," मी मागे सरकत म्हणाले. "त्या पांढऱ्याला घेऊ." पण आईला ते ऐकूच गेलं नाही. तिने ओढणी डोक्यावर घेतली, सासऱ्यांसमोर घ्यायची तशी, आणि खाली वाकली. "मामंजी," ती हळूच म्हणाली, "घरी चला."