खुर्ची दोन

तळहाताएवढा संगणक साहेबांनी वेळेवर मागवलाच नाही, आणि दाताच्या डॉक्टरीणबाई बारा वाजता येणार होत्या. त्यांच्या दवाखान्यातल्या कुठल्या खुर्चीवर माणूस बसलाय, हे तो संगणक सांगणार होता. तो चालताना दाखवता आला नाही, तर नोकरी जायची ऑफिसातल्या धाकटीची. साहेब कायमचे नामानिराळे!

धाकटी हार मानणारी नव्हती. तिने लॅपटॉपच्या पोटातच त्या संगणकाचं हुबेहूब सोंग उभं केलं. वायर एकाही खुर्चीला जोडलेली नव्हती, म्हणजे सगळ्या रिकाम्याच दिसायला हव्या होत्या.

पडद्यावर उमटलं, ‘खुर्ची एक: माणूस बसला.’

"बसलेय खरी! गुणाचं गं माझं सोंग," ती खिदळली.

‘खुर्ची दोन: माणूस बसला.’

शेजारची खुर्ची रिकामी होती. "थापाड्या!" ती म्हणाली.

‘खुर्ची दोन: माणूस उठला.’

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची ताई चहा घेऊन आली, त्या खुर्चीत धपकन बसली आणि चटका बसल्यासारखी उठली.

"अगं, आत्ता इथून कोण उठलं? केवढी गरम आहे खुर्ची!"

"कुणी नाही गं," धाकटी हसत हसत पडद्याकडे वळली.

‘खुर्ची एक: माणसं दोन.’