पहिली घागर

चंद्रप्पाने पुडा टँकरच्या टाकीत रिकामा केला, झाकण दाबून बसवलं आणि उडी मारून खाली उतरला. आज सगळं जुनं जग संपणार होतं, आणि ते संपवायचा मान त्याच्यासारख्या साध्या ड्रायव्हरला मिळाला होता.

खरं तर जग कालच बुडायचं होतं. लातूर जिल्हा होईल त्याच दिवशी प्रलय येईल, असं गुरुपादप्पा महाराज उन्हाळ्यापासून सांगत होते. भक्तांनी बैल विकले, पेरणीचं नाव काढलं नाही. आणि काल काय झालं? जिल्हा झाला, बँड वाजला, पेढे वाटले गेले. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. "प्रलयवाले, छत्री आणली का?" म्हणत लोकांनी भर चौकात भक्तांची टर उडवली. संध्याकाळी महाराजांनी चंद्रप्पाला मठात बोलावून घेतलं.

"आपुन वाट बघत बसलो, हितंच चुकलं," ते म्हणाले. "प्रलय आणावा लागतो."

मग त्यांनी चंद्रप्पाच्या ओंजळीत पुडा ठेवला. "हे पाण्यात सोड. आपल्या मानसाला ते तीर्थ, परक्याला प्रलय."

टँकर चौकात येऊन थांबला. दुष्काळात असते तशी लांबलचक रांग लागली होती, आणि सगळ्यांत पुढे चंद्रप्पाची बायको नागम्मा उभी होती. ती कधी मठाची पायरी चढली नव्हती. तरी चंद्रप्पाला तिची काळजी वाटली नाही. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, त्यात त्याचीच बायको. ती परकी कशी असेल?

"सोडा की पानी," नागम्मा ओरडली. "घसा वाळून गेला."

"पहिली घागर मठाची," चंद्रप्पा म्हणाला.

हा नेम त्याने कधीच मोडला नव्हता. पहिली घागर मठात जायची, महाराज तिच्यातलं घोटभर प्यायचे आणि मग भक्तांना पळीपळीने तीर्थ मिळायचं. त्याने घागर भरली, तोटीची चावी खिशात टाकली आणि समोरच्या मठाकडे जवळजवळ पळतच गेला.

मठात भक्त जमले होते. चंद्रप्पाने तांब्या भरून महाराजांपुढे धरला. "म्हाराज, झालं बगा काम. घ्या तीर्थ."

महाराजांचा चेहरा पांढराफटक पडला. "त्याच टाकीतलं?"

"हाव. पुडा समदा घातलाय."

महाराजांनी तांब्याला लाथ मारली. घागर आडवी केली आणि ते धोतर सावरत भिंतीला चिकटले. "शिवू नका कुनी! मरायचं हाय का रे?"

घागर घरंगळत दारापर्यंत गेली. चंद्रप्पा तिच्याकडे बघतच राहिला. या मठात पाण्याचा थेंब सांडला तरी महाराज उपास करायला लावायचे. आणि महाराजांपेक्षा आपला माणूस दुसरा कोण होता? मग त्याला नागम्मा आठवली. तो जीव खाऊन पळत सुटला.

चौकात लोक चिडले होते. दोघंजण पाना घेऊन तोटी फिरवायच्या खटपटीत होते. चंद्रप्पाने त्यांना ढकललं, चावी लावली आणि तोटी पुरती उघडली. पाणी धो धो रस्त्यावर पडू लागलं. बायका घागरी घेऊन धावल्या.

"शिवू नका! इख हाय त्यात! म्याच घातलंय!"

लोकांनी त्याला धरलं, बदडलं. तो हात पसरून तोटीपुढे तसाच उभा राहिला. नागम्मा गर्दीतून पुढे आली. तिची घागर कोरडीच होती.

"मला बी पाजनार व्हता?" तिने विचारलं.

चंद्रप्पाला रडू फुटलं. "तू आपली हायस. तुला काय बी व्हनार न्हाई, आसं वाटलं गं."

नागम्मा कोरडी घागर घेऊन मागे फिरली. टँकर रिकामा झाला. कालच्या पेढ्यांचे कागद घेऊन पाणी मठाच्या उंबऱ्यावरून आत शिरलं. एक दिवस उशिरा का होईना, प्रलय आला होता. गावात कोणीच बुडालं नाही. महाराज मात्र पाय वर घेऊन चौरंगावर चढून बसले होते.