ओपलची साक्ष

ओपलचं गाणं दुसऱ्यांदा वाजून संपलं. वॉशिंग्टनला संसदेच्या समितीपुढे सुनावणी चालू होती.

"आता सांगा, यातली आमची मूळ टेप कुठली आणि नक्कल कुठली?" प्रेस्कॉटने समितीला विचारलं. तो नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपनीचा उपाध्यक्ष. त्याच्यापुढे टेबलावर जपानहून आलेलं डिजिटल टेपचं यंत्र होतं, दोन हातांत सहज मावेल एवढं. नक्कल त्याच्यावरच केली होती.

एक सभासद म्हणाला पहिली, दुसरा म्हणाला दुसरी. अध्यक्षांनी मान हलवली. "मला तर काही फरक कळला नाही बुवा."

"कळणारच नाही! हा डबा घराघरात गेला तर रेकॉर्ड विकत घेणार कोण? आमचे कलाकार देशोधडीला लागतील. याच्यावर बंदी घाला, एवढंच मागणं आहे. ओपल, तू सांग यांना."

ओपल रॅटलिफ उठली. कंपनीने टाइप करून दिलेला कागद तिच्या हातात होता. ती आली होती एकाच आशेने, कंपनीशी नवा करार व्हावा म्हणून. तिचा करार वसंतातच संपला होता. केंटकीच्या खाणीतली गाणी तिला रेकॉर्ड करायची होती, भाऊ ड्यूईच्या बँजोवर. पण ड्यूईच्या छातीत कोळशाची धूळ बसली होती. त्याला आता अंगणापर्यंत जायचं म्हटलं तरी धाप लागायची.

"त्याला नॅशव्हिलला आण, नाहीतर आमचा बँजोवाला घे," त्याच्या घरीच रेकॉर्ड करू, असं तिने सुचवल्यावर प्रेस्कॉट म्हणाला होता. "स्वयंपाकघरात बसून रेकॉर्ड होत नसते, बाई." मग आवाज खाली आणून, "आधी साक्ष दे. मग करारासाठी काही जमतंय का बघू."

ओपलने कागद वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिची नजर त्या यंत्रावर गेली.

"मिस्टर प्रेस्कॉट, याला मायक्रोफोन लागतो?"

"हो, लागतो की."

"आणि हे कुणाच्याही घरात चालतं?"

"तेच तर सांगतोय! वायर भिंतीत खुपसली की झालं."

"आणि आवाज तुमच्या स्टुडिओसारखा येतो? खोटं नाही ना?"

"तंतोतंत तसाच! आत्ता सगळ्यांनी ऐकलं ना? तीच तर भीती आहे."

"मग स्वयंपाकघरात रेकॉर्ड होत नसते, असं मला का सांगितलंत?"

प्रेस्कॉटचा चेहरा पडला. मागे कुणीतरी हसलं.

ओपलने कागदाची घडी घातली आणि ती अध्यक्षांकडे वळली. "साहेब, माझ्या जुन्या तिन्ही रेकॉर्डी यांनी बाजारातून कधीच काढून घेतल्या. तरी आमच्या डोंगरात माझी गाणी पोरांना पाठ आहेत. लोक एकमेकांना टेप करून देतात म्हणून. हे त्यांना चोर म्हणतात. मी नाही म्हणत. बंदी घालू नका."

"बाई, तुम्ही कंपनीच्या बाजूने बोलायला आला होतात ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"आले होते, साहेब. पण यांचं प्रात्यक्षिक फार चांगलं झालं."

या वेळी समितीही हसली.

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात प्रेस्कॉटने तिला गाठलं. त्याच्या कानशिलाची शीर उडत होती.

"अक्कल गहाण टाकलीस का? माझ्याच टेबलाशी बसून मला तोंडघशी पाडलंस! नॅशव्हिलचं एकूण एक दार तुला बंद करतो की नाही बघ." तो तिच्या आणखी जवळ आला. "आता तुझी गाणी रेकॉर्ड करणार कोण?"

ओपल म्हणाली, "मी."