गैरहजर सरपंच

अविश्वास ठरावाच्या नोटिशीत एकच कारण होतं: सरपंच गावात हजर नसतात. सह्या करून नऊपैकी सात सदस्य गोव्याला गेले, ते आठ दिवसांनी थेट सभेलाच उगवले, उन्हानं रापलेले, एकसारख्या टोप्या घातलेले. तोवर गावात हजर होत्या त्या सरपंच कौसल्याताईच.

त्यांनी सभांचं रजिस्टर तहसीलदारांपुढे सरकवलं. “साहेब, एक सभा चुकलेली नाही माझी.”

“ताई, कारण लिहिलंय एवढंच मी बघतो. खरंखोटं सदस्यांनी ठरवायचं.”

ठरावाला सात हात लागत होते; एक हात जरी खाली राहिला असता, तरी खुर्ची वाचली असती. सातवा हात शेजारच्या इंदूबाईंचा होता. तोही वर गेला.

“इंदू, मी गावात नसते?”

“असता की, वहिनी,” इंदूबाई पुटपुटल्या. “पण दुसरं काही सापडेचना तुमच्यात.”