दिव्याखालचं आसन

पटाशी तुळईच्या पोटात खोल गेली आणि मिस्त्रीच्या जिवाला जरा बरं वाटलं. वरच्या अंगानं त्यानं लाकूड मधोमध पार पोखरलं होतं. खालून मात्र नक्षी अशी की बघत राहावं. पोकळीवर त्यानं पातळ फळी बसवली, सरसात भुसा कालवून सांधे बुजवले, वरून रंधा फिरवला. दुसऱ्या सुतारालाही खोट दिसली नसती.

त्याच्या धाकट्या भावाला दुकानात कोंडून जाळलं होतं. जाळणाऱ्या जमावाच्या पुढे थोरल्या बाबांचा मुलगा होता. थोरले बाबा म्हणजे पलीकडच्या वस्तीतल्या लोकांचे धर्मगुरू. इकडच्यांनी वचपा म्हणून त्यांचं प्रार्थनाघर पेटवलं. शेवटी दोन्हीकडच्या धर्मगुरूंनी एकत्र बसून ठरवलं की ज्यांनी जे जाळलं, ते त्यांनीच बांधून द्यायचं. त्यांच्या गवंड्यांनी दुकान उभं केलं. प्रार्थनाघराचं छप्पर मिस्त्रीच्या वाट्याला आलं. लोकांना वाटलं, हा आता पटाशी फेकून मारणार. तो नुसतं 'बरं' म्हणाला. थोरले बाबा डोळे पुसत म्हणाले, देवानंच तुला ही बुद्धी दिली. मिस्त्रीनं मान खाली घातली, नाहीतर हसू दिसलं असतं.

देवाचं त्याला काही पडलं नव्हतं. त्याला उट्टं काढायचं होतं. त्या लोकांची रीत त्यानं गोड बोलून काढून घेतली होती. तुळईला पितळेचा भला जडशीळ दिवा टांगायचा, तुळईला खालून टेकू द्यायचा, आणि पहिली प्रार्थना सुरू झाली की टेकू काढायचा. दिव्याच्या बरोबर खाली आसन. आसनावर थोरले बाबा. टेकू काढणार त्यांचा मुलगा, आणि पोखरलेली तुळई दिव्यासकट खाली येणार. आपलं माणूस डोळ्यांदेखत जातं म्हणजे काय, ते त्याला त्याच्याच हातानं कळणार होतं.

मिस्त्रीच्या घरातही एक रीत होती. कोणतंही लाकूड बाहेर पडण्याआधी वडील ते बोटांनी वाजवून बघायचे. ते गेल्यावर आई वाजवायची. तुळई गाडीवर चढली तशी ती आलीच. तिनं ठकठक केलं, कान लावला, पुन्हा एकदा ठकठक केलं आणि म्हणाली, जाऊ दे. म्हातारीचे कान गेले म्हणायचे, असं मनाशी म्हणत त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला.

प्रार्थनेच्या दिवशी तो मुद्दाम समोरच्या भिंतीशी उभा राहिला. मुलाचं तोंड नीट दिसायला हवं होतं. मुलगा हातोडा घेऊन टेकूजवळ थांबला होता. थोरले बाबा आसनापर्यंत आले, पण बसले नाहीत.

"गेलेल्या माणसाच्या नावानं कुणी हे आसन मागितलं, तर आमच्यात नाही म्हणता येत नाही," ते म्हणाले. "आज ते मागितलंय."

त्यांनी मागे वळून हात दिला. त्या हाताला धरून मिस्त्रीची आई पुढे आली आणि दिव्याखाली बसली. थोरल्या बाबांनी तिच्या जळून गेलेल्या धाकट्याचं नाव घेऊन प्रार्थना सुरू केली. मुलानं हातोडा उचलला.

"थांब, टेकू काढू नकोस," मिस्त्री ओरडला.

सगळे त्याच्याकडे वळले. थोरल्या बाबांनी विचारलं, काय झालं? मिस्त्रीनं खरं सांगितलं असतं तर तो तिथून जिवंत बाहेर पडला नसता, आणि वस्त्या पुन्हा पेटल्या असत्या. बोलली ती आईच, बसल्या जागेवरून.

"लाकूड दगा देईल म्हणतोय. दुसरी तुळई करून देईल."

मुलानं तोच हातोडा घालून टेकू आणखी घट्ट ठोकला. मिस्त्री आईजवळ जाऊन बसला. त्यानं हळूच विचारलं, तुला तेव्हाच कळलं होतं? मग बोलली का नाहीस?

"बोलले असते तर तू दुसरी काहीतरी युक्ती काढली असतीस," आई म्हणाली. "म्हणून इथं येऊन आसन मागून घेतलं."