पहिला पुकारा

ती बसलीच नाही.

न्यायाधीश आत आले की अख्खं कोर्ट उठतं. ते बसले की मग बाकीचे बसतात. आज ती आत आली, तर पुढच्या बाकांवरचे काळे कोट ढिम्म. कोणी नखं बघतंय, कोणी छत. मधोमध वकील संघटनेचे अध्यक्ष. तिचा सख्खा थोरला भाऊ.

या इमारतीत बाई यायची ती फिर्याद घेऊन, नाहीतर केरसुणी घेऊन. ती वकील झाली तेव्हा पक्षकार तिलाच विचारायचे, "वकीलसाहेब कधी येणार?" आणि आता न्यायाधीश. या खुर्चीवरची पहिली बाई.

सकाळीच भाऊ चहा ढवळत म्हणाला होता, "बयो, आजच्या दिवस आजारी पड. कोणी उठणार नाही. हसं होईल तुझं."

"तू पड की आजारी, दादा. तू कशाला येतोस?"

शिपाई कुजबुजला, "बाईसाहेब, बसून घ्या. हे काही उठत नाहीत."

बसायला काय. पण आज अशी बसली, तर उद्या, परवा, निवृत्त होईपर्यंत—

"पहिलं प्रकरण पुकारा," ती उभ्यानंच म्हणाली.

जामिनाचा अर्ज. आरोपीच्या पिंजऱ्यात एक रंगारी. त्याचे वकील खुद्द अध्यक्ष.

"आरोपीचे वकील?"

"हजर." भाऊ बसूनच.

"मला दिसत नाहीत. या कोर्टात वकील उभा राहून बोलतो. आरोपीतर्फे कोणी हजर नाही, लिहून घ्या."

"ओ साहेब!" रंगारी पिंजऱ्यातून ओरडला. "उठा की हो! तुमचा रुसवा तुमच्यापाशी, मला घरी जायचंय!"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. भाऊ उठला. कॉलर सारखी केली. घसा खाकरला.

"न्यायाधीश महाराज, माझा अशील..."

"थांबा. तुम्ही माझे सख्खे भाऊ. तुमचा एकही अर्ज मला ऐकता येत नाही. शेजारच्या कोर्टात न्या. आत्ताच, रंगाऱ्यासकट."

भाऊ लालबुंद. "मग मला उठवलंस कशाला?"

"तुम्ही हजर आहात एवढं नोंदवायला. दुसरं प्रकरण!"

शिपायानं पुकारायला तोंड उघडलं. नाव अजून घशातच होतं, आणि बाकांवर एकही काळा कोट उरला नव्हता. सगळे उभे.

मग ती बसली.